आबाजी तांबटाचा कान

आबादादाची आणि माझी शेवटची भेट झाली ती कल्याणला, त्याच्याच माजघरात, भर दुपारी. पाठीशी दोन उशा घेऊन तो भिंतीला टेकून बसला होता. छातीत कफ दाटला होता आणि अंगात बारीक ताप होता. हात मात्र तसेच, जाड बोटांचे, नखांत काळं गेलेले. आजाऱ्यापाशी बसलं की आवाज खाली घ्यायचा अशी मला सवय, म्हणून मी हळूहळू बोलू लागलो. तो वैतागला. म्हणाला, "अरे, असा चोरासारखा काय बोलतोस? नीट बोल. आणि थांबू नकोस." मग मी ठाण्याच्या माझ्या शाळेतल्या गमती सांगत बसलो. नवे हेडमास्तर, त्यांची पगडी, तपासणीच्या दिवशी घोड्यावरून पडलेले साहेब... काही खरं, काही मीठमसाला लावलेलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे, पण डोळे मिटून अगदी समाधानानं बसला होता. उठताना मी पुढल्या रविवारी येतो म्हणालो, तर "ये" एवढंच म्हणाला. तो रविवार काही त्याला दिसला नाही. शुक्रवारी सकाळीच तो गेला. त्याला आज पाच आठवडे झाले.

या वर्तमानपत्राच्या वाचकांना आबाजी तांबट कोण हे ठाऊक असायचं कारण नाही. तो कोणी मोठा माणूस नव्हता. कल्याणातल्या एका आळीत त्यानं जन्मभर तांब्याची भांडी घडवली, एवढंच. तो माझा मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा. घरं शेजारी शेजारी, मधे एक भिंत. माझे वडील लवकर गेले आणि घरचा हातोडा माझ्या हाती आला, तो तांब्यावर कमी आणि माझ्याच बोटांवर जास्त पडू लागला. तेव्हा आबादादानं माझ्या आईला सांगितलं, "मावशी, याला शाळेत घाल. हा ठोकायला बसला तर तुझ्या घरात एकही बोट शाबूत राहणार नाही." मी सहा इयत्ता शिकलो, मास्तर झालो, तोवर माझ्या वाटचं काम त्यानं अंगावर घेतलं आणि त्याबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र तो शेवटपर्यंत चिडवण्यासाठी 'मास्तर'च म्हणे.

आमच्या आळीत तांबटांची सात दुकानं. दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. सकाळी उजाडलं की सातही ठिकाणी हातोडे सुरू व्हायचे ते दिवे लागेपर्यंत. पाहुणा आला की पहिले दोन दिवस कानांवर हात ठेवून बसे. आमच्या बायका विहिरीवर एकमेकींशी बोलत तेव्हा बाहेरच्यांना वाटे भांडण जुंपलंय. या गलबल्यात आबादादाचा कान म्हणजे आळीचं भूषण होता. भांडं घडवून झालं की ते त्याच्याकडे यायचं. तो ते डाव्या तळव्यावर घेई, बोटाच्या पेरानं एक टिचकी मारी आणि मान तिरकी करून ऐकत राही. सांध्याला केसाएवढी चीर असली, एखाद्या बाजूला पत्रा जरा पातळ उतरला असला, तरी त्याला आवाजावरून कळायचं. "हिला परत बसव, डावीकडे दम नाही," असं तो म्हणाला की ती घागर परत ऐरणीवर जायची, मग ती कोणाचीही असो. त्याच्याहून दुप्पट वयाचे बाळाजीकाका, आळीतले सगळ्यांत वडील, तेही त्याच्या कानाशी वाद घालत नसत.

अठरा वर्षांपूर्वी एका मोठ्या घरच्या लग्नासाठी पाण्याचा हंडा करायचं काम आळीत आलं. साधा हंडा नव्हे, आत माणूस सहज मांडी घालून बसेल एवढा. अशा भांड्याला मठारताना, म्हणजे बाहेरून हातोड्यानं ठोकून पत्रा बसवताना, आत कोणीतरी लोखंडी आधार धरून बसावं लागतं. बाहेरचा ठोका आणि आतला आधार एका जागी आले तरच पत्रा दबत नाही. हे काम कोणालाच नको असतं. आबादादा म्हणाला, मी बसतो, माझ्या कानाला कळेल कुठे काय बिनसतंय ते. तीन दिवस तो त्या हंड्यात बसला आणि बाहेरून दोघे ठोकत राहिले. हंडा असा काही उतरला की बघायला माणसं आली. चौथ्या दिवशी सकाळी आबादादा उठला तो कानात काहीतरी वाजतंय असं म्हणतच.

सुरुवातीला त्याला वाटलं, घरात रातकिडा शिरलाय. जेवताना तो मधेच हात थांबवी आणि "तो बघ, ऐक," म्हणे. वहिनी, म्हणजे त्याची बायको यमुना, बिचारी कान देऊन ऐके आणि मान हलवी. एका सकाळी त्यानं परसातली लाकडांची सगळी रास उपसून अंगणात पसरली. पाल निघाली, विंचू निघाला, रातकिडा काही निघाला नाही. मी शाळेतून आलो (तेव्हा मी कल्याणातच शिकवत असे) तर तो त्या पसाऱ्यात घामानं निथळत बसला होता. मला जवळ बोलावून त्यानं आपला डावा कान माझ्या कानाला लावला आणि विचारलं, "तुला येतो का रे ऐकू?" मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा असा उतरला की अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तो आवाज बाहेर नाही, आपल्यातच आहे, हे त्याला त्या घटकेला कळलं.

मग उपाय सुरू झाले. आपल्या लोकांत एखाद्याचा कान दुखतो म्हटलं की प्रत्येक जण धन्वंतरी. तिळाच्या तेलात लसूण जाळून झाली. कांद्याचा रस झाला, ओव्याची धुरी झाली, गोमूत्र झालं. वैद्यबुवांनी नाडी धरून हा कर्णनाद आहे असं सांगितलं आणि बेलाचं तेल दिलं. नाव कळलं म्हणून आम्हांला केवढा आनंद झाला, जणू अर्धा रोग गेला. पण नाव कळून वाजायचं काही थांबलं नाही. वहिनींनी टिटवाळ्याच्या गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलल्या आणि चालत जाऊन पुऱ्या केल्या. डोंबिवलीच्या बाजूचा एक पंचाक्षरी, भुतं उतरवणारा मांत्रिक, आला आणि कानात कोणीतरी बोलतंय, त्याला काय हवं ते विचारा, म्हणून गेला. दादा म्हणाला, "विचारलं. तो म्हणतो पंचाक्षरी नको."

यातही हसू यावं असा एक प्रकार घडला. एक बैरागी आळीत भिक्षेला आला आणि त्यानं ही हकिकत ऐकली. तो दादाच्या पायांवरच पडला. म्हणे, हा अनाहत नाद, योग्यांना बारा बारा वर्षं गुहेत बसून ऐकू येत नाही तो या संसारी माणसाला ऐकू येतो. दुसऱ्या दिवसापासून बायका ओटीचं साहित्य घेऊन दारात. वहिनींच्या तोंडावर पुष्कळ दिवसांनी तेज आलं. माझीही क्षणभर पंचाईत झाली, न जाणो खरंच तसं असलं तर... आबादादा ऐरणीवरून मान वर न करता म्हणाला, "बाबाजी, ज्याला हवा त्याला हा नाद देतो. आत्ता, अंगणातच. घेऊन जा." बैरागी गेला, ओट्याही थांबल्या. पण हे विनोद दिवसाउजेडीचे. हळूहळू तो वाळू लागला. झोप उडाली. भांडी त्याच्याकडे यायची, तो टिचकी मारी, मान तिरकी करी, पुन्हा टिचकी मारी, आणि मग नुसताच "ठीक आहे" म्हणे. एकदा त्यानं ठीक म्हटलेली कळशी चौथ्या दिवशी सांध्यातून झिरपत परत आली. आळीत कोणी काही बोललं नाही, पण नंतर भांडी त्याच्याकडे येणं कमी झालं, आणि ते त्याला कळलं.

आता माझ्या शहाणपणाकडे येतो. मी चार बुकं शिकलेला. गावठी उपाय थकले तेव्हा मी त्याला ठाण्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात नळी घालून पाहिलं, कोमट पाण्यानं कान धुतला आणि आत सगळं साफ आहे म्हणाले. त्यांच्याकडे औषध नव्हतं, तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. जाता जाता एवढंच म्हणाले की कानाला विसावा द्या, गोंगाट टाळा. मला तेवढं पुरलं. हातोड्यानं रोग झाला तर हातोडा थांबवला की रोग जाईल, असं सरळ त्रैराशिक मी परतीच्या वाटेवरच मांडलं आणि कल्याणला उतरल्यावर तडक बाळाजीकाकांच्या पडवीत गेलो.

इथे आमच्या आळीची एक रीत सांगायला हवी. आमच्यात कोणाकडे मयत झालं की निरोप धाडावा लागत नाही. त्या घरचा हातोडा थांबतो. ते ऐकून शेजारचा थांबतो, मग त्याच्या पलीकडचा. अशी सगळी आळी गप्प होते ती प्रेत आळीबाहेर जाईपर्यंत. एरवी सणासुदीचे दिवस सोडले तर भर दिवसा आमची आळी कधी शांत नसते. मी काकांना म्हणालो, जेवणं झाल्यापासून उन्हं कलेपर्यंत सातही दुकानांनी हात थांबवावा, आबादादाला विसावा मिळेल. काकांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "जित्या माणसासाठी आळी बंद करायची? बरं दिसतं का ते?" मी त्यांना सुधारणेवर, डॉक्टरी विद्येवर आणि खुळ्या समजुतींवर बरंच काही ऐकवलं. ते म्हातारे, मी पंचविशी-तिशीतला मास्तर. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं पोराला बरं वाटेल ना?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून आळी बंद झाली.

ही साधी गोष्ट नव्हती. हातावर पोट असलेल्या सात घरांनी दुपार सोडून दिली, ती कोणीही कुरकुर न करता. वहिनींनी तर पुढची पायरी गाठली. गाईच्या गळ्यातली घंटा काढली, जात्यावरचं दळण शेजारी नेलं, आणि आपल्या बांगड्यांना चिंधी गुंडाळली. आबादादाला माजघरात अंथरूण घालून दिलं. दार लोटून घेतलं की आत टाचणी पडली तरी ऐकू यावी. मी रोज शाळेतून येताना आळीच्या तोंडाशी थांबून ती शांतता ऐके आणि खरं सांगतो, माझी छाती फुगे. दादा कसं काय विचारलं की "बरं आहे" म्हणे. आठ दिवस तो बरं आहे म्हणत होता.

नवव्या दिवशी दुपारी मी आलो तेव्हा वहिनी दारात उभ्या. अंथरूण रिकामं होतं. परसदारानं कधी गेले कळलं नाही, म्हणाल्या. मी पळत सुटलो. कुठे जायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, पाय मात्र खाडीकडेच वळले. बंदरावर कोलशेतच्या मिठागराचा एक मचवा, मालाची होडी, मीठ उतरवत होता आणि त्याच्या पलीकडे, शेवटच्या पायऱ्यांवर, आबादादा बसला होता. छातीपर्यंत भिजलेला. मी जवळ जाऊन बसलो. माझा श्वास लागला होता, त्यामुळे पहिल्यांदा बोलला तो तोच.

"मास्तर, मी मेलोय का रे?"

मी म्हणालो, दादा, असं काय बोलतोस.

"मग आळी कोणासाठी बंद आहे? आठ दिवस मी माझंच मयत ऐकतोय. तुझ्या वहिनीनं बांगड्या बांधून ठेवल्यात. आत दुसरं काहीच नसतं रे. मी असतो आणि ते वाजणं असतं. आधी हातोड्यांत ते जरा तरी बुडायचं."

मी विचारलं, मग एका शब्दानं बोलला का नाहीस. तो पाण्याकडे बघतच म्हणाला, "सात घरांनी माझ्यासाठी हात बांधून घेतले. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की तुमच्या मायेनंच मी मरतोय?"

माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना. जगात दुष्टाव्यानं दिलेला त्रास माणूस बोलून तरी दाखवतो. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला मायेनं कोंडलं होतं, आणि त्या दाराची कडी मी घातली होती. थोड्या वेळानं त्यानं आपणहून सांगितलं की तो पायऱ्या उतरला तो परत यायचं नाही असं ठरवूनच. छातीएवढ्या पाण्यात गेला. भरती लागली होती, पाणी पायऱ्यांच्या दगडांवर आपटत होतं, मागे सरत होतं, पुन्हा येत होतं. तिथे उभ्या उभ्या त्याला एकाएकी जाणवलं की कानातलं वाजणं जरा लांब गेलंय. गेलं नाही, लांब गेलं. हे काय, म्हणून तो ऐकायला थांबला. मग मागे येऊन पायरीवर बसला. माझ्या भावाला त्याच्या कानानंच पाण्यात नेलं आणि कानानंच बाहेर काढलं, असं मी समजतो.

मचव्यावरचा धर्मा आगरी हे लांबून बघत होता. आबादादाची भांडी कोलशेतला त्यांच्या घरी होती, त्यामुळे ओळख जुनी. त्यानं काय झालं विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याबरोबर चार दिवस मिठागरावर चल म्हणाला. वहिनींना मी समजावलं. दादा त्याच मचव्यातून गेला आणि चारचे पंधरा दिवस राहिला. त्या रविवारी मी भीत भीत कोलशेतला गेलो. मिठागरात भरतीचं पाणी आत घ्यायला लाकडी दारं असतात, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या बांधावर, वरून चार झावळ्या टाकून केलेल्या सावलीत, आबादादा झोपला होता. दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून, घोरत. खालून पाणी सळसळत आत जात होतं. इतक्या महिन्यांनी त्याला झोपलेला पाहून मला रडूच आलं. मी उठवायला वाकलो तर धर्मानं मला मागे ओढलं. म्हणाला, "निजू दे त्याला. मी त्याला सांगतलं, तो आवाज तुजे कानानच रेनार, त्याला कोन बाहेर काढनार? त्याशी भांडू नको. त्याला येक सोबती दे."

हा धर्मा कधी शाळेची पायरी चढला नव्हता. मी त्या दिवसापासून शहाणपण शिकवताना जरा जपून बोलतो.

कोलशेतहून परत आल्यावर आबादादानं पहिलं काम केलं ते बाळाजीकाकांच्या पडवीत जाऊन त्यांचे पाय धरायचं. काय बोलला ते मला ठाऊक नाही. पण आळी त्याच्या वाटेकडे डोळे लावून अजून दुपारची बंदच होती; काकांनी तिथल्या तिथे हातोडा उचलला आणि दहा मिनिटांत आळी पहिल्यासारखी झाली. दुसरं काम मात्र त्याला आठ दिवस पुरलं. महादेवाच्या पिंडीवर टांगतात ती तांब्याची गळती सगळ्यांनी पाहिली असेल, बुडाला बारीक भोक असलेलं पात्र. तसली एक गळती त्यानं घडवली आणि माजघरात आपल्या अंथरुणाच्या उशाशी टांगली, खाली पाण्याचा वाडगा. वहिनींना ते मुळीच रुचलं नाही. देवाचा अभिषेक माणसाच्या उशाशी करायचा, हा काय अधर्म, म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तो मात्र वेगळ्याच नादात होता. वाडगा बदलून बघायचा, जाड, पातळ, उथळ, खोल. पाणी कमी करायचा, जास्त करायचा. मोठा थेंब पडला की मान हलवायचा. मी विचारलं, एवढं काय शोधतोस? तो म्हणाला, "मोठा आवाज करून त्याला बुडवायला गेलो की तोही मोठा होतो. त्याच्याच पट्टीतला, पण त्याच्याहून जरा हळू पाहिजे. शेजारी बसवायचा." अकराव्या वाडग्यावर त्यानं मान तिरकी केली, पूर्वी घागर हातात घेऊन करायचा तशी, आणि बोट वर केलं. आळीनं ज्या कानावरचा विश्वास काढून घेतला होता, त्याच कानानं स्वतःचं औषध शोधून काढलं.

यानंतर तो बरा झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाजणं अठरा वर्षं चालू होतं. पडसं झालं, जागरण झालं, मनस्ताप झाला की वाढायचं. अशा दिवशी तो चिडका व्हायचा, वाढलेल्या ताटावरून उठायचा, आणि मग संध्याकाळी वहिनींना उगाच काहीतरी विचारत स्वयंपाकघरात घोटाळायचा. पण त्याला पुरे पडण्याइतकी झोप मिळू लागली. मेण आणि तेल लावलेले कापसाचे बोळे कानांत घातल्याशिवाय तो हातोडा धरत नसे. पुढे आळीतल्या प्रत्येकाच्या मागे त्यानं त्याचा धोशा लावला. म्हातारे हसले, तरण्यांनी ऐकलं. भांडं तपासायला तो टिचकी सोडून दात वापरू लागला. काठ दातांत हलकेच धरायचा, बुडावर बोट मारायचं, आणि आतल्या थरथरीवरून चीर ओळखायची. पाहणाऱ्याला वाटे हा माणूस घागर खातोय. चेष्टा झाली, पण भांडी पुन्हा त्याच्याकडे येऊ लागली.

आणि माणसंही येऊ लागली. कोणाकडून कोणाला कळलं कोण जाणे. दिवा गावाकडचा एक म्हातारा शेतकरी, रेल्वेच्या कामावर खडकात सुरुंग लावणारा एक पाथरवट, ठाण्याची एक विधवा बाई. आबादादा त्यांना समोर बसवी आणि पहिला प्रश्न विचारी, "तुमचा कसा वाजतो?" मी कितीदा पाहिलंय, हा प्रश्न ऐकून माणसांच्या डोळ्यांत पाणी येई. तोवर त्यांना सगळ्यांनी कुठे वाजतंय, काही नाही वाजत, असंच सांगितलेलं असे. ती बाई तर किती वेळ नुसती सांगतच होती, आणि दादा मधे मधे "हं, शिट्टीसारखा... आणि डाव्या अंगाला जास्त?" असं म्हणत होता, एकाच गावचे दोघे परमुलखात भेटावेत तसा. मग वाडग्यांची चळत निघे. त्या बाईला सातवा वाडगा जमला. आळीतून बाहेर पडताना तिनं ती गळती पदराखाली धरली होती.

या सगळ्या वर्षांत आबादादानं आळीकडे एकच मागणं मागितलं. एका गणेशचतुर्थीला सगळे जमले असताना तो हसत हसत म्हणाला की मी जाईन तेव्हा हातोडे थांबवू नका, ती शांतता मी एकदा भोगली आहे, पुन्हा नको. सगळे हसले. बायकांनी सणाच्या दिवशी हे काय अभद्र म्हणून दटावलं. पण तो थट्टा करत नव्हता, आणि मी ते पाहिलं.

त्या शुक्रवारी निरोप आला तसा मी ठाण्याहून निघालो आणि दुपारी आळीच्या तोंडाशी पोचलो. आळी शांत होती. कोणी मुद्दाम त्याचा शब्द मोडला होता असं नाही. पिढ्यान् पिढ्यांची सवय, हात आपोआप थांबले होते. अंगणात माणसं खाली मान घालून उभी होती. मी आत गेलो तशा वहिनींनी वर पाहिलं. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भावजी, त्यांनी काय सांगितलं होतं? त्यांना हे ऐकू येत असेल."

मी बाहेर येऊन सगळ्यांना ते सांगितलं. सगळ्यांना ते आठवत होतं. पण घरात प्रेत असताना ऐरणीवर पहिला ठोका कोणी मारायचा? कोणाचा हात उचलेना. बाळाजीकाका आता अगदी थकलेत, काठीवर रेलून ते माझ्याकडे बघत होते. मला कळलं. आळी बंद करायला गेला होता तो मी. मी पडवीत गेलो, त्याच्या जागेवर मांडी घातली. ऐरणीवर एक अर्धी कळशी तशीच होती. मी हातोडा उचलला आणि मारला. वाकडा पडला. दुसरा त्याहून वाकडा. माझ्या डोळ्यांना नीट दिसतही नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या ठोक्याला समोरच्या पडवीतून एक ठोका आला, मग शेजारून, मग पलीकडून. तिरडी बांधून होईपर्यंत आळीबरोबर मीही ठोकत राहिलो. मग उठून खांदा दिला. आम्ही खाडीकडे वळलो तरी मागून हातोडे ऐकू येत होते. दादाची ती कळशी मी पुरती बिघडवून ठेवली.

स्मशानातून आल्यावर अंघोळ करून मी माजघरात जाऊन बसलो. दिवा लावलेला होता. त्याची जागा सारवून घेतली होती, आणि उशाशी गळती भरलेली होती. वहिनींनी ती कधी भरली त्यांनाच ठाऊक नव्हतं, रोजच्या वेळेला हात आपसूक गेला असणार. मी भिंतीला टेकलो, आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्या कानात काहीतरी वाजतंय. बारीक, एकसारखं, न थांबणारं. कानांत बोळे घालायचं मला सुचलं नव्हतं. मी मान हलवली, कान चोळले, जांभई देऊन पाहिली. काही केल्या ते जाईना. मी बाहेर कुठून येतंय का म्हणून खिडकीकडेसुद्धा बघितलं. मग मी मुकाट्यानं त्याच्या गळतीजवळ सरकून बसलो आणि थेंब ऐकत राहिलो.

सकाळी उठलो तेव्हा माझ्या कानातलं वाजणं थांबलेलं होतं. अशी सकाळ आबादादाला अठरा वर्षांत एकदाही मिळाली नाही.